काटा शून्य

पुलाची शिरोली. रात्रीचे दोन.
वजनकाट्यावर गाडी नाही
आणि आकडा सांगतोय वीस किलो.
खिडकीतून वाकून बघतो,
तेच लंगडं कुत्रं, दिवसभर तापलेल्या पत्र्यावर
अंगाचं वेटोळं करून.
हाड, म्हणतो. उठतं.
शून्य.

कोडोलीची प्रिस्काआत्या. हयात गेली
लोकांच्या उंबऱ्यावर गुडघे टेकण्यात.
आता गुडघेच गेले, तर खाटेवर बसून प्रार्थना करते,
पाय खाली सोडून, एस.टी.ची वाट बघावी तशी.
एकदा तिला ब्रह्मपुरीच्या सभेला नेलं होतं.
प्रचारक मानेच्या शिरा ताणून ओरडत होते,
निघ! निघ! कर्ण्यात शिट्टी वाजत होती,
पहिल्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.
परत येताना रिक्षात आत्या म्हणाली,
"एवढं वरडायचं कशाला?
त्यो सैतान काय बहिरा हाय?"

मग पंचगंगेचा पूल संपेपर्यंत गप्प.
मग म्हणाली,
"दारात कुत्रं आलं तर काय म्हणतोस?
हाड. संपलं.
त्याला 'कसं काय येणं केलं' इचारतोस का?
हव्वेनं फळ मागनं खाल्लं, आमोस.
आदी उत्तर देत बसली."

आणि तिच्या दारापाशी, माझा हात धरून उतरताना,
"आन् आपल्या नावानं धमकावू नगंस.
आपल्या नावाला कुत्रं तरी भितंय का?
ज्याचं घर हाय त्याचं नाव घ्यायचं."

माझ्याकडे तो शिंगं घेऊन आला नाही.
शेठचा भाचा रणधीर, चांगला पोरगा,
दोन कागदी कपात चहा घेऊन आला.
म्हणाला, आमोसदा, भंगाराच्या गाडीमागं
चाळीसच किलो. कुणाला कळतंय?
पोरीची नर्सिंगची फी किती म्हणालात?
मी म्हणालो किती ते.
म्हणजे मी उत्तर दिलं.
चहाही प्यालो.

मंगळवारी हसीनाबीचा टेंपो काट्यावर चढला.
तिनं आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.
काही बोलली नाही. पदरानं हात पुसले.
चाळीस किलो म्हणजे
गांधीनगरच्या किती गल्ल्या, किती तुटके स्टोव्ह,
किती नळ, किती वाकलेल्या सळया,
ते मला तिच्या हातांवरून कळत होतं.

आज तो पुन्हा आलाय. चहा गरम आहे.
सभेतले सगळे मोठे शब्द मला पाठ आहेत,
पण घसा कोरडा. एकही वर येत नाही.
म्हणून डोळे न मिटता
ती रोजची, लहानपणापासूनची प्रार्थना
मनातल्या मनात सुरू करतो,
भाकरीपाशी अडखळतो,
ऋण माफ करण्यापाशी थांबतोच थोडा वेळ
आणि वाइटापासून सोडवण्याच्या ओळीपर्यंत पोचतो
तेव्हा कळतं, धमकावायचं ते
टेबलाच्या पलीकडे नाही.
माझ्या पत्र्यावर
गाडी यायच्या आधीपासून कोणीतरी बसलंय,
उबेला.

प्रभू, तुझ्या नावानं:
हाड.

एवढंच. मोठ्यानं नाही.
रणधीरला वाटलं, कुत्र्याला म्हणालो.
मी कप सरकवला. म्हणालो, नको.
का, म्हणाला. मी सांगत बसलो नाही.

त्यानं मोटरसायकल चालू केली.
उद्या नोकरी असेल का, ठाऊक नाही.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं,
हसीनाबी, मंगळवार, चाळीस किलो, देणे.
खाली सही.

आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा
शाबास वगैरे म्हणाली नाही.
"पळतोय त्यो," म्हणाली,
"पर पत्ता इसरत न्हाई."

पहाटेचे चार. महामार्गावर दिवे वळतात,
कोणाची तरी गाडी येतेय.
आकडा बघतो.
वीस किलो.
दार उघडून बाहेर जातो.